पूर्णेकाठचं पूर्णा

परतूरच्या फलाटावर माय रडली नाही, याचं मला अजूनही जरा वाईट वाटतं. दुष्काळ नुकताच सरला होता आणि मी पूर्णा नावाच्या गावी चाललो होतो, इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा उपसायला. आमचं मंठ्याकडचं खेडंही पूर्णा नदीच्याच काठी. तीच नदी पुढं वाहत जाते आणि त्या गावाला आपलं नाव देते. "आपल्याच पाण्याकाठी चालला," बा सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मंग त्यात रडायचं काय?" डब्यात बसून नाक पुसत होतो तो मीच.

गावाकडच्या मंडळींनो, तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, पण ती नदी बघून पहिल्याच दिवशी मला मळमळलं. आपल्याकडं तळाचे खडे दिसतात. इथं पाण्यावर हिरवी साय, चिंध्या, शेण आणि त्यात तोंड खुपसलेली डुकरं. ड्यूटीवरून आलो की माझ्या नाकातून काळं निघायचं, तरी नदीकडं बघून मीच नाक धरायचो. अंगाला कोळसा आणि नखरे नवाबाचे!

पुढं शांताला, म्हणजे माझ्या बायकोला, मुलगी झाली. सव्वा महिन्यानं माय आली, हळदकुंकू आणि घुगऱ्यांचं गाठोडं घेऊन. आमच्यात बाळंतीण नदीवर जाऊन पाणी पुजते. त्याशिवाय ती घागर उचलत नाही आणि लेकरूही घरचं होत नाही.

"माय, क्वार्टरच्या नळावर पुजू," मी म्हणालो. "बराबर ह्याच नदीचं पाणी येतं त्याला."

"नळाला काठ असतो का रे?"

गेलो. शांतानं नाकाला पदर लावला. पुजायला पाच खडे लागतात. एक स्वच्छ मिळेना. मायनं लुगड्याला घासून घासून पाच मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि त्या हिरव्या पाण्यात बोट बुडवून पोरीच्या कपाळाकडं नेलं.

"थांब माय! घाण हाय ती!"

बोट तिथंच थांबलं. "घाण वरूनच आली न्हवं? वर कोण राह्यतं? सारं गाव सकाळी टमरेल घेऊन कुठं जातं, इसरले का साहेब?"

शांता पदराआड फिस्सकन हसली. पोरीला टिळा लागला.

घरी येताच मी साबणानं पोरीचं कपाळ धुतलं. दोनदा. माय चुलीपाशी बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना मात्र ती रडली. खिडकीच्या गजाला धरून, लहान पोरीसारखी. पहिल्या खेपेला तिच्या लेखी मी कुठं गेलोच नव्हतो. गेलो तो त्या साबणानं.

आता माय नाही. गाडी नदीवरच्या पुलावर आली की लोक फटाफट खिडक्या ओढून घेतात. मळमळ मलाही होते, अजून होते. तरी माझी खिडकी मी जरा उशिरानं लावतो. वास आला, म्हणजे वर आपले लोक आहेत, आणि सकाळी उठतायत.