मागच्या रांगेची पाच डोकी

आमच्या तालुक्याच्या फोटोवाल्या मामांनी आमच्या दहावीच्या वर्गाची अख्खी मागची रांग फसवली. निरोप समारंभाच्या फोटोत त्यांनी पाच मुलांची डोकी कापली आणि त्यातलं मधलं डोकं माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी मामांविषयी चार बरे शब्द लिहिणार आहे आणि त्यावरून कुणाचा गैरसमज व्हायला नको. सांगलीत माझा हळदीचा धंदा आहे, साताऱ्यापर्यंत माल जातो, रोज हट्टी माणसांशी गाठ पडते. पण आरशातला सोडला तर एवढा आडमुठा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

कवठे महांकाळच्या स्टँडमागं त्यांचं दुकान होतं. आत पडद्यावर एक तळं रंगवलेलं, त्यात दोन हंस आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आमच्या भागात पाणी टँकरनं येतं. जतकडची माणसं तर त्या तळ्यापुढं उभं राहताना नकळत पायातलं काढून ठेवायची. टँकर चुकला की बायका दारातून विचारायच्या, "आवं मामा, तुमच्या तळ्यातलं दोन घागरी सोडता का?" मामा पडद्याकडं बघून गंभीरपणे म्हणायचे, "हंसांना लागतंय." खुंटीला एक काळा कोट असायचा. गिऱ्हाईक बारीक असलं तर मामा कोटाला पाठीमागून चिमटे लावत आणि जाड असलं तर काळजी नव्हती, कोट पाठीत उसवूनच ठेवलेला होता. तालुक्यातल्या निम्म्या घरांत भिंतीवरचे आजोबा वेगळे आहेत, कोट तोच आहे.

हसणं हा मामांच्या लेखी चारित्र्यातला दोष होता. "हसायचं आसंल तर घरी जाऊन हसा. फोटो जन्माचा असतोय." आणि रडण्याचं तर नावच नको. सासरी निघालेली एक नवरी डोळे पुसत खुर्चीवर बसली, तेव्हा मामांनी कॅमेऱ्यावर फडकं टाकून चहा सांगितला. "रडका फोटो माझ्या दुकानातनं भाईर पडायचा न्हाई. तुझं आवरू दे, बाई. एसटी दुसरी मिळंल." पहिली एसटी खरोखरच गेली आणि सगळं वऱ्हाड मामांच्या नावानं बोटं मोडत स्टँडवर बसून राहिलं. फोटो काढताना ते "एक, दोन" म्हणत आणि खटका दाबत. तीन म्हटलं की माणूस तोंड सावरतो आणि खोटा होतो, असं त्यांचं मत. त्यांच्या तोंडून मी तीन कधी ऐकलं नाही. आणि फोटो एकच. "दुसरा काढला म्हंजे पयल्यावर इस्वास न्हाई." भावही एकच.

त्या भावालाच मी हात घातला. माझी आई आठवड्याच्या बाजारात मिरच्या विकायची. घासाघीस मी तिच्या पोत्यावर बसून शिकलो. एक्याण्णव साली निरोप समारंभाचे पेढे आणि कर्णा मी पडत्या भावात आणले होते. मग पोरं म्हणाली, "मामांना उतरवून दाखव, तर खरा." मी गेलो.

"सांगलीचा फोटोवाला आणतो," मी म्हणालो.

"आण की. त्याला म्हणावं, येताना तळं घिऊन ये."

तीनदा दुकानाच्या पायऱ्या उतरून मी निघालो. तिसऱ्यांदा मागून हाक आली. "ये रं माघारी. कुणाचा तू?"

"मिरचीवालीचा."

"तरीच. बरं, तू म्हणशील तसं. पर ध्यानात ठेव, कापड कमी घेतलं की सदरा आखूड हुतोय."

मी जिंकलो होतो. जिंकलेल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही.

समारंभाला मी शपथ घेऊनच गेलो. ज्या शाळेनं मला फाटक्या दप्तरामुळं पहिल्या बाकावर कधी बसू दिलं नाही, तिच्यासाठी डोळ्यातून थेंब काढायचा नाही, असं मी सगळ्या पोरांना बजावलं होतं. हेडसरांचं भाषण झालं, मुली रडल्या, दोन-तीन पोरांनी नाकं ओढली. मी त्यांना बायल्या म्हणालो. फोटोला मास्तर खुर्च्यांवर, मुली सतरंजीवर आणि मागची रांग बाकांवर उभी. भाव मी उतरवला म्हणून मला बाकावर मधली मानाची जागा. मामा "एक" म्हणाले, "दोन" म्हणाले आणि नेमकी तेव्हाच शाळा सुटल्याची घंटा झाली. खटका वाजला. संपलं.

निकालानंतर दाखल्याबरोबर फोटो हातात आला. मास्तर पूर्ण, मुली पूर्ण आणि मागं पाच बिनडोक सदरे. बाकी चौघांची नुसती डोकी गेली होती, माझा उजवा हातही खांद्याच्या वर नाहीसा झाला होता. आईनं फोटो डोळ्याजवळ धरला. "ह्यो माझा. काळं बटण मीच लावलंय." मग म्हणाली, "हात कुठाय रं तुझा?"

"वर केला हुता. टाटा करत हुतो."

"आन् तोंड?"

हेडसर आणि मास्तरांच्या बरोबरीनं उभा राहिलेला आपला पोरगा बाजारात शेजारणींना दाखवायचा, म्हणून तिनं चौकट आधीच आणून ठेवली होती. मी तसाच उठलो आणि दुकानात जाऊन गल्ली गोळा होईपर्यंत ओरडलो.

"भाव उतरला, फोटोबी उतरला," मामा शांतपणे म्हणाले.

"भाव सगळ्या वर्गाचा उतरला. मग डोकी आमचीच का?"

"कात्री वरनंच लागती, गड्या. चल, बस खुर्चीवर. तुझा एकट्याचा काढतो, फुकट."

"फुकटचं मी घेत न्हाई. काढायचा तर सगळ्या वर्गाचा काढा!"

पुढं आठ वर्षं हे असंच चाललं. मी धंद्याला लागलो, गाडी घेतली, पण कवठ्यातून जाताना त्या दुकानापुढं थांबल्याशिवाय राहिलो नाही. मला बघितलं की मामा मुकाट्यानं कोट खाली काढत, त्यावरची धूळ झटकत आणि खुर्ची पुसत. "बसतोस?" "वर्ग आणा, मग बसतो." मग ते चहा सांगत आणि आम्ही दोघं रिकाम्या खुर्चीकडं बघत तो पीत असू. वर्ग कुठून आणणार? त्या रांगेतला एक सैन्यात गेला, एक जतला मेंढरांमागं, दोघं पुण्यात कारखान्यात. मुलींची तर आडनावंही बदलली.

यंदा गेलो तर दुकानाला कुलूप. मामांची नजर अधू झाली, लेक त्यांना साताऱ्याला घेऊन गेली, असं कळलं. मी साताऱ्याला गेलो. खिडकीशी बसले होते. "कोण?" म्हणाले.

"बिनडोक."

"अजून भांडतोस व्हय रं?" त्यांनी लेकीकडून पत्र्याचा एक डबा मागवला, चाचपत एक निगेटिव्ह काढली आणि म्हणाले, "उजेडाकडं धर."

काळ्याचं पांढरं झालेलं, तरी पाचही डोकी जागेवर होती. चौघं समोर बघत होते. मधल्यानं उजवा हात वर करून आपलं तोंड बाहीत खुपसलं होतं.

मी निगेटिव्ह डब्यात परत ठेवली. मग म्हणालो, "माझं एकट्याचं कापायचं हुतं."

"तुझं एकट्याचं कापलं असतं, तर साऱ्यांस्नी कळलं असतं की रं."

आता हे असं आहे. आठ वर्षं मी ज्याच्याशी भांडलो, त्या माणसानं माझी लाज राखली, हे मान्य. पण त्या चौघांचं काय? त्यांच्या आयांनीही चौकटी आणल्या असतील. माझ्या एका बाहीपायी त्यांची डोकी का जावीत? त्यांना मी काय सांगू? मी सांगणार नाही. याचा जाब मामांनीच द्यावा. त्यांनी कवठ्याला यावं, सगळ्यांना पुन्हा बाकावर उभं करावं, पूर्ण भाव मी देतो. डोळ्यांना दिसत नसलं तरी चालेल. नुसतं "एक, दोन" म्हणावं. आणि या वेळी, आमची तोंडं सावरेपर्यंत थांबून, तीनही म्हणावं.