बावीस वर्षं न फुटलेली प्रयोगशाळा

शहरातल्या त्या सरकारी शाळेत प्रयोगशाळा होती आणि तिला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्या खिशात असायची, त्या प्रयोगशाळा परिचरांना सगळी शाळा काचकाका म्हणे. त्यांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकही चंचुपात्र फुटलं नव्हतं. फुटणार कसं? प्रयोग फळ्यावर व्हायचे. निळा लिटमस लाल होतो, हे बावीस तुकड्यांनी नुसतं ऐकून पेपरात लिहिलं आणि त्या पास झाल्या.

मुख्याध्यापिकाबाईंना याचा कोण अभिमान! पालकांना त्या प्रयोगशाळा खिडकीतून दाखवत. "बघा, कशी नवीकोरी ठेवलीय!"

शाळेभोवती गॅरेज, लाँड्री आणि शिवणकामाची दुकानं होती. तिथली मुलं घरी पाने, तापलेली इस्त्री, शिलाई मशीन सगळं हाताळून शाळेत येत. शाळेत आल्यावर त्यांना कळे, की आपल्याला वस्तू नीट धरता येत नाहीत.

नोकरीला लागताना काकांना वाटलं होतं, पोरं धूर काढतील, रंग सांडतील, आपण ओरडू. पहिल्याच वर्षी त्यांनी, "वर्ग आत आणू का?" असं विचारलं होतं. "फुटलं तर जबाबदार कोण?" असा उलटा सवाल आला. उत्तर कुणालाच सापडलं नाही, म्हणून विज्ञान बाहेरच राहिलं. काका तेव्हापासून नुसती भांडी पुसत.

"माझ्या कपबश्या कधी विसळल्यात का हो अशा?" बायको विचारायची.

मग वरून पत्र आलं. तीन दिवस शाळेचं निरीक्षण होणार होतं. लगोलग कुंड्यांना रंग लागला आणि हुशार मुली पुढच्या बाकांवर आल्या. दोन दिवस निरीक्षक मॅडमनी रंगीत कुंड्या निमूट पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "प्रयोगशाळा उघडा." शेवटच्या बाकावरच्या लाँड्रीवालीच्या मुलीला त्यांनी पुढे बोलावलं. "एखादा प्रयोग करून दाखव."

"तोंडी सांगू की लिहून दाखवू, मॅडम?" मुलीने अदबीने विचारलं.

"हातांनी कर."

मुलीने काकांकडे पाहिलं. काकांनी चंचुपात्रात खायचा सोडा घातला आणि व्हिनेगरची बाटली तिच्या हातात दिली. "घाबरू नको गं. ओत."

तिने ओतलं. फस्सकन फेस वर आला. पुस्तकात 'बुडबुडे येतात' एवढंच होतं, ते असे अंगावर येतात हे कुणी लिहिलं नव्हतं. मुलगी आनंदाने किंचाळली, हात लागला आणि चंचुपात्र खाली पडून खळ्ळकन फुटलं.

"हात लावायला दिला कुणी हिला?" मुख्याध्यापिकाबाई कडाडल्या.

"मी दिला," काका म्हणाले. आपला आवाज एवढा ठणठणीत निघेल, असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

दुपारी मुलीची आई ओल्या हातांनीच धावत आली. "काका, पोरीला शाळेतून काढू नका हो."

"काढतंय कोण? उद्या मधल्या सुट्टीत पाठवा तिला. प्रयोग अर्धाच राहिलाय."

महिन्याने अहवाल आला. 'प्रयोगशाळेत फुटलेली काच आढळली. अर्थात प्रयोगशाळा नियमित वापरात आहे. प्रशंसनीय.' बाईंनी तो परिपाठाला खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि त्याच दिवशी लेखी आदेश काढला: दरमहा किमान दोन भांडी फुटलेली असावीत, जबाबदारी परिचरांची.

काकांनी आदेश दारावर चिकटवला आणि दार उघडं टाकलं. मधल्या सुट्टीत लाँड्रीवालीची मुलगी आली, तिच्यामागून गॅरेजवाल्यांची, शिंप्यांची पोरं आली. धूर निघाला, रंग सांडले आणि काका मनसोक्त ओरडले.

एकच पंचाईत झाली. पोरांचे हात कामाला सरावलेले, त्यांच्याकडून काही फुटेचना. दोन महिने कोरे गेले आणि काकांना कारणे दाखवा नोटीस मिळाली: 'कामात हयगय.' बावीस वर्षांतली ही त्यांची पहिलीच नोटीस. काकांनी ती मुलांना वाचून दाखवली आणि सगळे पोट धरून हसले.