ओला साचा

आम्ही जवळा बाजारचे ओतारी, बैलांच्या घंटा ओतायचो. मातीचा साचा गोवऱ्यांच्या विस्तवात खणखणीत भाजायचा, मगच त्यात धातूचा रस ओतायचा, हा आमचा नेम. निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या उन्हाळ्यात एक बंदूकवाला दारात आला आणि शिशाच्या गोळ्या मागू लागला. भट्टीवर शिसं वितळलं होतं, पण गोळ्यांचा साचा नुकताच थापला होता.

"भाजू द्या जी," मी म्हणालो.

"काहून वेळ काढून राहिला बे?" म्हणत त्यानं बंदुकीचा दस्ता माझ्या तोंडावर हाणला आणि वितळलेल्या शिशाची पळी स्वतःच उचलली.

ओल्या मातीत शिसं ओतलं की ते तोंडावर उसळतं, हे आमच्यातलं शेंबडं पोरगंही जाणतं. त्याला थांबवायला माझी एक हाक पुरली असती.

मी तोंडातलं रक्त थुंकलो आणि दोन पावलं मागं सरलो.