मजेच्या पोरी, जिंकायच्या पोरी

सरांनी मला थोबाडीत मारली, कारण मी हसले.

जळगावात फुटबॉल क्लबच्या मैदानावर सकाळची प्रॅक्टिस चालली होती. मी बारा वर्षांची. बॉलवरून पाय घसरला, सपशेल आपटले, तोंडात माती गेली आणि मला हसू फुटलं. क्लबच्या अध्यक्षांची मुलगी शेजारीच पोट धरून हसत होती. तिला काही नाही. मला सणसणीत बसली. कान बधिर झाला.

"ती मजेसाठी येते," सर म्हणाले. "तू जिंकायला येतेस. फुकट घेतलंय तुला."

तर असा कारभार. क्लबात दोन जातीच्या पोरी. फी भरणाऱ्या त्या मजेच्या. मॅच हरल्या तरी त्यांना कुल्फी. आम्ही चौघी वस्तीतून उचललेल्या, जिंकायच्या. टीम हरली की आम्ही भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि वर पोटरीवर छडी. मजेच्या पोरींचे आईबाप खुर्च्या टाकून बघत बसायचे. एकाच्या तोंडातून शब्द फुटला नाही कधी. मुकी होती का ती माणसं? छे! मॅचच्या दिवशी हीच मंडळी घसा फाडून ओरडायची, "पाड तिला! घाल लाथ!" कुणाला? समोरच्या टीमच्या अकरा वर्षांच्या पोरीला.

माझी आई डाळ मिलमध्ये कामाला. तिचं माहेर शिंदखेड्याकडचं, बोलीही तिकडचीच. माझ्या पोटरीवरचे वळ बघून तिनं विचारलं, "कोनी मारं तुले?" मी पडले म्हणाले. खोटं बोलले. मला खेळायचं होतं हो! बॉल पायात आला की मी कुणाच्या बापाला ऐकायची नाही. क्लब सुटला असता तर मला दुसरं कोण खेळू देणार होतं? म्हणून मार गिळत राहिले.

मग धुळ्याची फायनल. समोर एक बारकी पोरगी, नऊ नंबरची. काय पळायची! हाफटाइमच्या आत दोन गोल ठोकले तिनं. सरांनी मला बाजूला ओढलं.

"नऊ नंबरचा पाय घे. पुन्हा उठता कामा नये."

"मीच का सर?"

"तुमच्या लोकांची हाडं घट्ट असतात. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको."

तुमच्या लोकांची. अध्यक्ष तिथंच नारळपाणी पीत उभे होते. हसले.

आणि मी गेले. हे मी लपवणार नाही. धावत गेले, बॉल सोडला आणि बूट तिच्या नडगीवर घातला. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. ती मातीत लोळत किंचाळली, "माय वं! मना पाय! माय वं!"

माझ्या आईची बोली. माझ्या घरातली.

तिचे बूट अंगठ्यापाशी दोऱ्यानं शिवलेले होते. म्हणजे हीसुद्धा जिंकायचीच पोर. हिलाही कुणीतरी असंच उचलून आणलेलं. आणि आमच्या खुर्च्यांतून टाळ्या! एक बाई ओरडली, "शाब्बास गं!" अख्ख्या वर्षात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मला भडभडून उलटी झाली, तिथंच, मैदानात.

रेफ्री आले. "चुकून लागलं ना गं?" लांबून सर मान हलवत होते. हो म्हण. हो म्हण.

"नाही," मी म्हणाले. "मुद्दाम मोडला. सरांनी सांगितलं होतं मोडायला."

सर धावत आत आले, माझी वेणी धरून मला खाली आपटलं. "हरामखोर! गेलीस ना जातीवर!" पोटात लाथ बसली. दुसरी बसायच्या आत मी त्यांचा पाय धरला आणि कडकडून चावले. रक्त तोंडात आलं तरी सोडलं नाही. तिघांनी मिळून सोडवलं. क्लबचे बूट मी काढले, सरांच्या अंगावर भिरकावले आणि अनवाणी त्या पोरीच्या मागे दवाखान्यात गेले.

तिथं तिच्या आईनं मला दोन ठेवून दिल्या. त्या मी मान खाली घालून खाल्ल्या. त्या माझ्या हक्काच्या होत्या.

माझ्या आईला त्या दिवशी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मिलवर गेलीच नाही. क्लबच्या गेटवर उभी राहून ओरडली, "मनी पोरले मारनारा कोन शे? बाहेर ये!" कुणी आलं नाही.

ती पोर आजही लंगडते. तिनं मला माफ केलेलं नाही. करूही नये.

आता मी तेवीस वर्षांची आहे. वस्तीतल्या पोरींना रोज संध्याकाळी खेळवते. सर अजून तिथंच, शिवाय आता जिल्ह्याची टीम तेच निवडतात. मागच्या महिन्यात त्यांचा निरोप आला, तुझ्याकडच्या दोन दणकट पोरी पाठव.

मी स्वतः गेले. भरल्या मैदानात, सगळ्या आईबापांसमोर त्यांना सांगितलं, "दोन नाही, अकराच्या अकरा येतील. निवड सगळ्यांसमोर होईल. आमच्या पोरी तुमच्यासाठी कुणाचं हाड मोडणार नाहीत. आणि यातल्या एकीवर जरी हात उचललात, तर तो हात खांद्यापासून उखडीन."