चिन्हं काढणार नाही

कापसाची ती वाईट वर्षं होती. पांढरकवड्याच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरवर काम करत होते. संस्थेच्या कार्यकर्त्या गावोगाव फिरून एकट्यानं शेती करणाऱ्या बायांशी बोलायच्या आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं, एकेरी अवतरणचिन्हांत लिहून आणायच्या. ते साठवायचा प्रोग्राम मी लिहिला होता.

पहिल्याच दिवशी तो अडला. मारेगावकडच्या एका बाईचं वाक्य होतं: 'मी कायले भिऊ? वावर मीच पेरून राह्यली.' मजकूर कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हे क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमात, एकेरी चिन्हावरूनच ठरतं. त्यामुळे बाईनं तोंड उघडलं की डेटाबेसला वाटायचं, मजकूर संपला. पुढचे तिचे शब्द त्याला हुकूम वाटायचे. ते त्याला कळायचे नाहीत आणि एरर यायची.

आमचे साहेब नागपूरचे. मागे उभं राहून म्हणाले, "काढून टाक ना ती चिन्हं. काय फरक पडते?"

"मग हे कोण बोललं, ते कसं समजेल सर?"

"कोणाला समजून घ्यायचं आहे? अहवाल पाठवायचा आहे. तू टाइप कर."

"टाइप करते. चिन्हं नाही काढणार."

माझ्या आईनं एकदा ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडला होता. नोंद झाली वडिलांच्या नावानं. ते त्या दिवशी गावातसुद्धा नव्हते. तेव्हा आई गप्प बसली. मी बसणार नव्हते.

पुस्तकात पाहून चिन्हाआधी तिरकी रेघ दिली. आमच्या डेटाबेसनं ती मानली नाही. शेवटी, मी कॉम्प्युटर शिकले त्या यवतमाळच्या क्लासमधल्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एका चिन्हाच्या जागी लागोपाठ दोन दे. तो एकच समजते." तसं करणारं फंक्शन लिहिलं. बाईचं वाक्य सगळं, चिन्हांसकट, स्क्रीनवर आलं.

साहेबांनी वाचलं. "ठीक आहे. आता 'कायले'चं 'कशाला' कर. शुद्ध दिसलं पाहिजे."

"चिन्हांच्या आतलं तिचं आहे सर. बाहेरचं तुम्ही शुद्ध करा."

अहवाल तसाच गेला. पुढचं काम मात्र साहेबांनी दुसऱ्याला दिलं. मी बाभुळगावला नोकरी धरली. तिथं पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणालं, "तुम्ही फार अडून बसता, मॅडम."

"हो," मी म्हटलं, "बसते."