ठमीला माझा कोरोना

"तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले. ऑक्सिजन ठीक होता, म्हणून होम आयसोलेशन सांगितलं. म्हणजे घरातच, पण सगळ्यांपासून वेगळं राहायचं. कोरीटला आमच्या घरामागे कापूस ठेवायची खोली आहे, तिथे मी खाट टाकली. गावच्या आशाताईंनी फोनवर विचारलं, संपर्कात कोण कोण आलं? मी बायको आणि धाकटा भाऊ, अशी दोन नावं सांगितली.

मांजर सांगितलं नाही. ठमी बायकोची लाडकी, माझं तिच्याशी कधी पटलं नाही. दोनदा मी तिला गोणीत घालून तापीकाठी सोडून आलो होतो. दोन्ही वेळा ती चार दिवसांत परत आली आणि माझ्याच खाटेवर झोपली.

तोंडाला चव नव्हती. बायको दारात ताट ठेवून मागे सरकायची. माझ्या उष्ट्याला घरात कोणी शिवणार नव्हतं, आणि अन्न टाकायला आमच्या आईने शिकवलं नाही. मग उरलेली दूध-भाकरी मी ठमीपुढे सरकवायचो. ती ताट लख्ख चाटायची आणि पायथ्याशी झोपायची. दिवसभरात माझ्याजवळ येणारी ती एकटीच. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

सातव्या दिवशी माझा ताप उतरला आणि ठमी शिंकायला लागली. नाक वाहायचं, दूध ठेवलं तरी तोंड फिरवायची. भाऊ म्हणाला, या मांजरानेच घरात रोग आणला, आता वहिनीलाही देईल. तो गोणी घेऊनच आला. या खेपेला ती परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं. बायको दारात उभी होती.

मी भावाला थांबवलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. उष्ट्याची गोष्ट सगळ्यांसमोर कबूल केली. लाज वाटली.

ते म्हणाले, "मांजराने तुम्हाला नाही, तुम्हीच मांजराला दिला असावा."

याला रिव्हर्स झुनोसिस म्हणतात, म्हणजे माणसाचा रोग जनावराला होणं. मांजराची तपासणी इथे होत नाही, त्यामुळे खात्री देता येणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. तिच्याकडून माणसाला होण्याची भीती कमी. तरी वेगळं ठेवा, मास्क लावून खाऊ घाला. माझ्या गोळ्यांतली अर्धी पॅरासिटॅमॉल मी तिला देणार होतो. डॉक्टरांनी अडवलं, ती मांजराला विष असते. तुमच्या घरी मांजर असेल तर एवढं नक्की लक्षात ठेवा.

भावाने गोणीची घडी घातली. बायको एवढंच बोलली, "तुमनं उष्टं खादं तिनी, आते तिनी सेवाबी तुम्हीच करा."

केली. कोमट पाण्याने नाक पुसलं, बोटाने पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी तेच डॉक्टर येऊन तिला सलाईन लावून गेले. तरी ती डोळे मिटूनच पडलेली. जिला मी दोनदा टाकून आलो, तिच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटी चाटली. मी खाटेवर बसून रडलो.

दुपारी आशाताईंचा फोन आला. संपर्कातले सगळे बरे ना? मी सांगितलं, बायको बरी, भाऊ बरा, आणि ठमी आज जेवली. ठमी कोण, हे नाव यादीत नाही, त्या म्हणाल्या.

"लिखानी ऱ्हाई गई व्हती, ताई," मी म्हणालो. "घरनीच शे ती."