ओठावर उठलेलं ऊन

पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या गव्हाणहून यायच्या, एवढंच ठाऊक. बोंबील सुकवायला दोन दिवस उन्हात राबल्या की त्यांच्या खालच्या ओठावर बारीक फोड उठायचे. त्या फोडांना चुकूनही हात लावत नसत, पण पदराखाली लपवतही नसत.

एकदा ते फोड पाहून एका गिऱ्हाइकाने हातातले बोंबील परत ठेवले. "तुम्हाला ताप आलाय वाटतं."

"ताप नाय गो बाय, ऊन हाय. आठ दिसांत जातंय."

ती गिऱ्हाईक बाई निघालीच. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. चारचौघांत बोलायला अजून घाबरते. तरी बोलले, "मावशी खरं सांगतायत. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींतला डीएनए बिघडतो. तो दुरुस्त होईपर्यंत तिथली प्रतिकारशक्ती मंदावते, आणि शरीरात झोपलेला विषाणू ओठावर उठतो. आमच्या पुस्तकात आहे."

बाई थबकली. मग म्हणाली, "द्या पाव किलो."

मावशी तराजू उचलत माझ्याकडे बघून हसल्या. "माज्या आयेला ठाऊक व्हतं ता. तुज्या पुस्तकाला कवा कलला?"

मी विचारलं, "मग तुमची आई ओठाला काय लावायची?"

"सावली," त्या म्हणाल्या. "गावली तं."